अर्धा डझन अंड्यांचा पावलोवा

ब्लूईचा पहिला ठोसा नेव्हिल टॅनॉकच्या कानावरून घसरला, दुसरा बरगडीवर बसला, आणि तिसरा मारण्याची संधी त्याला मिळालीच नाही. एकोणसाठ वर्षांच्या त्या आचाऱ्याने डावा खांदा खाली घातला, रोज पहाटे मेंढीचा कणा ज्या सफाईने फोडायचा त्याच सफाईने समोरच्या तांबड्या केसांच्या तरुणाचे नाक फोडले, आणि एक पाऊल मागे सरून तो वाट पाहत उभा राहिला. ब्लूई लाकडांच्या ढिगावर बसला. हनुवटीवरून ओघळलेले रक्त त्याच्या बनियनवर उतरत होते. स्वयंपाकघरामागच्या अंगणात सात जण कोंडाळे करून उभे होते. त्यांतले कोणी पुढे झाले नाही, कारण तसा रिवाज नव्हता.

"पुरे?" नेव्हने विचारले.

"पुरे," ब्लूई नाक धरून म्हणाला. "लापशी तशी वाईट नव्हती."

"वाईटच होती. इथलं पाणी खारं आहे. तेवढंच म्हणाला असतास तर मी कबूल केलं असतं. कुत्र्याचं खाणं म्हणालास, तिथं चुकलास."

मग दोघे आत गेले, आणि नेव्हने ब्लूईच्या ताटात इतरांपेक्षा मटणाचा एक चॉप जास्त वाढला.

लोकर कातरण्याच्या हंगामात ऑस्ट्रेलियातल्या वारागुंडीसारख्या मेंढवाड्यांवर आचाऱ्याची नेमणूक मालक करत नसे. कातरणारे त्याला मतदानाने निवडत आणि मतदानानेच काढत. मताची साधने म्हणजे एक हॅट आणि आगपेटी. अख्खी काडी होकाराची, मोडकी नकाराची. ज्याला आचाऱ्याच्या अन्नाला नावे ठेवायची असतील त्याने ती स्वयंपाकघरामागे, नुसत्या मुठींनी, एकास एक अशी ठेवावीत. जेवणाच्या टेबलावर हात उचलायचा नाही. या रिवाजात रानटीपणा पाहणारे शहरी लोक पुष्कळ आहेत. परंतु एखाद्याच्या कामाविषयी वाईट बोलण्यापूर्वी स्वतःचे नाक पणाला लावावे लागणे, ही व्यवस्था जिथे नाक सुरक्षित राहते अशा कित्येक व्यवस्थांपेक्षा अधिक न्याय्य होती, असे नेव्हचे मत होते, आणि त्या मतासाठी त्याने बत्तीस वर्षांत तीन दात दिले होते.

त्या सोमवारी हॅटमधून आठ अख्ख्या काड्या निघाल्या. त्या मोजल्या डार्सी कॉनरॉयने. डार्सी हा कातरणाऱ्यांनी निवडलेला प्रतिनिधी. पन्नाशीचा, खांद्याने रुंद, पाठीच्या दुखण्यामुळे किंचित वाकलेला. बावीस वर्षे तो नेव्हच्या हातचे जेवत आला होता. डार्सी ज्या टोळीत असेल त्या टोळीचा आचारी नेव्ह, हे डार्लिंग नदीच्या त्या पट्ट्यात सर्वांना ठाऊक होते.

वर्ष १९८३ चे होते आणि हिवाळा नुकता लागला होता. दहा आठवड्यांचा संप तेव्हाच संपला होता. संपला म्हणण्यापेक्षा जमिनीखाली गेला होता म्हणणे अधिक खरे. भांडण एका फणीचे होते. मेंढीच्या अंगावरून जी पोलादी फणी फिरते ती पिढ्यान् पिढ्या अडीच इंचांची. आता इंचभर अधिक रुंद फणीला परवानगी मिळाली होती. रुंद फणीने दिवसाला जास्त मेंढ्या उतरत, म्हणजे कमी माणसांत काम भागे, आणि अरुंद फणीवर ज्यांची मनगटे घडली त्यांना त्या जादा इंचात आपली भाकर कापली जाताना दिसे. ती फणी घेऊन येणारे बहुतेक न्यूझीलंडचे, म्हणजे बोलीत 'किवी'. त्यामुळे गावोगावच्या दारूच्या गुत्त्यांत त्या हिवाळ्यात एकच परीक्षा चाले: अनोळखी माणसाला सहाचा आकडा म्हणायला लावायचे. न्यूझीलंडच्या माणसाची जीभ 'इ'वर ठरत नाही, घसरून 'अ'वर येते. त्याचा 'सिक्स' हा 'सक्स' होतो. ज्याच्या तोंडून 'सक्स' पडला त्याला मागच्या दाराने बाहेर नेत आणि बहुधा दवाखान्याच्या दाराने आत.

नेव्ह हा आकडा कधीच उच्चारत नसे. तो 'अर्धा डझन' म्हणे. अर्धा डझन कांदे, अर्धा डझन मेंढ्या, सकाळचे अर्धा डझन वाजता चूल पेटवायची. लोकांना तो त्याचा विक्षिप्तपणा वाटे आणि त्याची नक्कलही करत. येत्या ऑगस्टात त्याला साठ वर्षे पूर्ण होणार होती. कोणी वय विचारलेच तर 'पाच डझन' म्हणायचे हेही त्याने ठरवून ठेवले होते. बाकीचे सारे शब्द त्याने पहिल्या तीन वर्षांत घासून घासून या मातीचे करून घेतले होते. हा एकच वाकला नाही.

तो मूळचा माताउरा नदीकाठचा, न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाचा. सत्ताविसाव्या वर्षी एका रविवारी दुपारी त्याने आपल्या बापाच्या गळपट्टीचे हाड चुलीवरच्या लोखंडी झाकणाने मोडले होते. बाप आईला मारत असे. त्यात नवे काही नव्हते. त्या दिवशी नवे एवढेच की आईचा पावलोवा चुलीच्या पोटात निवत होता. अंड्याच्या फेसाचा हा केक भाजून झाला तरी चुलीचे दार उघडायचे नसते. आच विझू द्यायची, तास दोन तास त्याला अंधारात आपोआप निवू द्यायचे, म्हणजे वरचे कवच कुरकुरीत राहते आणि आतला गाभा कापसासारखा. बापाने आईला त्या दारावर आपटले. दार उघडले आणि आई आधी केककडे वळली, नंतर आपल्या फाटलेल्या ओठाकडे. नेव्हने झाकण उचलले ते तेव्हा. आठवड्याने तो सिडनीच्या धक्क्यावर उतरला. आईची एकूण चार पत्रे आली, आणि पाचवे आले ते शेजारणीच्या अक्षरात.

तो ज्या टोळीत राहिला तिथे पावलोवा त्याच्यासोबत राहिला. दर रविवारी दुपारी भाजलेल्या मेंढीच्या तंगडीनंतर टेबलावर नेव्ह त्याचे ताट मांडी, आणि दर रविवारी कोणी ना कोणी तोंड भरून म्हणे की असला पदार्थ जगात फक्त ऑस्ट्रेलियाच करू जाणे. पर्थच्या कुठल्याशा हॉटेलातल्या आचाऱ्याने तो प्रथम केला, असे डार्सीला त्याच्या आईने सांगितले होते. समुद्रापलीकडचे लोक तो वेलिंग्टनच्या एका हॉटेलात जन्मल्याचे सांगत आणि दाखल्याला जुनी पाककृतींची पुस्तके काढत. ज्या रशियन नर्तकीच्या नावाने तो ओळखला जातो ती दोन्ही देशांत नाचून गेली, दोन्हीपैकी कुठे तिने तो चाखला याचा पुरावा मात्र कोणी पुढे करत नसे. बत्तीस वर्षे, वर्षाला सुमारे पन्नास रविवार, नेव्हने हे सारे वाढता वाढता ऐकले आणि एकदाही तोंड उघडले नाही.

गुरुवारी मालकाने एक नववा माणूस पाठवला.

त्याचे नाव तामाती पाएवाई. न्यूझीलंडचा, चाळिशीचा माओरी, दारात उभा राहिला की दाराची चौकट भरून जाई. बोलणे कमी आणि सावकाश. त्याच्या पेटीत रुंद फणी होती. पहिल्या दिवशी त्याने इतरांपेक्षा चाळीस मेंढ्या जास्त कातरल्या आणि संध्याकाळी त्याचे अंथरूण मेंढ्यांना औषधी पाण्यात बुडवण्याच्या हौदात तरंगताना सापडले. दुसऱ्या दिवशी त्याच्या गाडीच्या काचा फुटल्या. कोणी केले हे त्याने विचारले नाही. त्याने तुकडे गोळा केले आणि मोकळ्या चौकटीला पोते ठोकले.

आचाऱ्याने संपफोड्याला जेवण द्यायचे नाही, असे डार्सीने स्वयंपाकघरात येऊन बजावले. नेव्ह सुरीला धार लावत होता. माणूस शेडमध्ये कातरतो तोवर त्याचे पोट आचाऱ्याच्या जबाबदारीत येते, असे त्याने सांगितले. हा नियम संघटनेपेक्षा जुना आहे, आणि हवे तर मागच्या अंगणात त्याची चर्चा करू, असेही. डार्सी हसला. बावीस वर्षांत ते दोघे एकदाही त्या अंगणात उतरले नव्हते. अखेर ठरले ते असे की तामातीने मागच्या दाराशी ताट घ्यावे आणि पायरीवर बसून खावे.

शुक्रवारी संध्याकाळी पायरीवर बसलेल्या तामातीने ताट परत देताना हळूच विचारले, "कुठल्या गावचे, काका?"

"कुठलाच नाही," नेव्ह म्हणाला. "कालवण उरलंय. घेणार?"

तामातीने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिले, कालवण घेतले, आणि पुन्हा तो प्रश्न काढला नाही.

रविवारी दुपारी नेव्हने टेबलावर नऊ ताटे मांडली. असे का केले हे त्याने स्वतःलाही नीट सांगितले नव्हते. रविवारचे जेवण पायरीवर बसून खाण्याचे नसते, एवढाच युक्तिवाद त्याच्यापाशी तयार होता, आणि तो कोणी मागितला नाही. तामाती आत आला, टोकाच्या रिकाम्या ताटाकडे त्याने पाहिले आणि तो बसला. मटण मुकाट्याने खाल्ले गेले. सुऱ्या ताटांवर गरजेपेक्षा मोठ्याने वाजत होत्या.

नेव्हने पावलोवा आणून मधोमध ठेवला. त्या दिवशीचा उत्तम जमला होता: कवचाला एकच बारीक चीर, वर साय, सायीवर पॅशनफ्रूटचा पिवळा गर.

"आठ तुकडे कर," डार्सी म्हणाला.

"माणसं नऊ आहेत."

"ऑस्ट्रेलियन आठ आहेत. हा ऑस्ट्रेलियन पदार्थ आहे." डार्सी टेबलाच्या टोकाकडे वळला. "का रे किव्या? का हासुद्धा तुमचाच? फणी तुमची, शेड तुमची, आता आमचं गोडधोडही तुमचं?"

तामाती म्हणाला की त्याची आत्या लग्नाकार्याला करते, आणि तिची आईही करायची. त्याने ते भांडणाच्या सुरात म्हटले नाही. पण ब्लूई आणि आणखी एक जण उठून त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. डार्सीने त्याचा उजवा हात मनगटात धरला आणि तळवा खाली करून टेबलावर दाबला. दोघांनी मागून त्याचे खांदे रेटले. मेंढी कापायची जड सुरी मटणाच्या परातीतच होती. डार्सीने ती उचलली आणि तिचा बोथट कणा तामातीच्या बोटांवर टेकवला. कातरणाऱ्याची बोटे मोडायला धार लागत नाही.

"आत्या करते ना? मग सांग, किती अंडी लागतात. चुकलास तर एक बोट."

त्याने सुरी बोटभर उचलली. तामाती त्या सुरीकडे न पाहता डार्सीकडे पाहत म्हणाला, "चार."

"चार," डार्सीने टेबलाभोवती नजर फिरवली. "नेव्ह, सांग याला. कितीचा असतो आपला पावलोवा?"

पुढे जे घडले त्याचे श्रेय धैर्याला देणे चूक ठरेल. त्या क्षणी नेव्हच्या मनात ना तामातीची बोटे होती, ना माताउरा. त्याच्या मनात फक्त ते चार होते. चार अंड्यांचा पावलोवा बसतो, त्याच्या गाभ्याला उंची येत नाही, आईने हे त्याला सातव्या वर्षी भांडे धरायला लावून दाखवले होते; आणि आपल्याच टेबलावर, आपल्याच पदार्थाविषयी कोणी चुकीचा आकडा सांगावा हे त्याला सहन होणे शक्य नव्हते.

"चार नाही," तो तुटकपणे म्हणाला. "सक्स."

चुलीवरच्या किटलीचे झाकण तेवढे थडथडत होते.

मग डार्सी हसू लागला. मोठ्याने, सुटल्यासारखा हसला तो. "बघा, बघा, म्हातारा कशी नक्कल करतो याची. हुबेहूब. परत म्हण, नेव्ह."

इतरही हसले. ब्लूईचे सुजलेले नाक हसताना दुखले असावे, कारण त्याने ते धरले. आणि नेव्हच्या लक्षात आले की दार उघडे आहे. डार्सीने ते स्वतःच्या हाताने, जाणूनबुजून किंवा न जाणता, सताड उघडले आहे. नुसते हसायचे होते. फार तर डोळा मिचकावून आणखी एकदा म्हणायचे होते, म्हणजे उरलेले दात, उरलेले रविवार, बावीस वर्षांची सोबत, सगळे जिथल्या तिथे राहिले असते. किव्याचे एखादे बोट गेले असते. कदाचित तेही नाही.

त्याने पॅशनफ्रूटचा गर लागलेला चमचा पुसला आणि खाली ठेवला.

"नक्कल नाही करत," तो म्हणाला. "मी असाच बोलतो. तुमच्यासमोर बोलत नव्हतो, एवढंच."

डार्सीचे हसू तोंडावर राहिले, डोळ्यांतून गेले. "काय म्हणतोस तू?"

"पहिल्यांदा कोणी केला ते मला माहीत नाही. पर्थ असेल, वेलिंग्टन असेल, तुम्ही भांडत बसा. पण हा जो तुम्ही माझ्या हातचा खाता, तो माझ्या आईचा. एकोणीसशे एकतीस साली माताउरात करायची, भांडं मी धरायचो. हा किवी आहे, डार्सी. मीही."

"बावीस वर्षं," डार्सी म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता आणि तो ओरडण्याहून वाईट होता. "बावीस वर्षं, नेव्ह. माझ्या लग्नात तूच केला होतास हा."

"हो. तेव्हाही सक्स."

डार्सीने तामातीचा हात सोडला. सुरी परातीत पडली. तो टेबलावरून पुढे झुकला, आणि त्याची मूठ उचलली गेलेली सर्वांनी पाहिली; परंतु ती हवेत थांबली, कारण हे टेबल होते. एवढे भान त्याला राहिले, हे त्याच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. त्याने मागच्या दाराकडे बोट केले.

नेव्हने एप्रन सोडला, त्याची घडी केली आणि खुर्चीच्या पाठीवर टाकली. मग तो डार्सीच्या मागोमाग अंगणात गेला.

ही मारामारी सोमवारच्यासारखी झाली नाही. डार्सी नऊ वर्षांनी लहान होता, वजनाने दीडपट होता, आणि त्याचे ठोसे आचाऱ्याला नव्हे, बावीस वर्षांच्या सोबत्याला मारलेले होते. पहिल्याच तडाख्याला नेव्हची बरगडी गेली. त्याने डार्सीची भुवई फोडली, ओठ फाडला, आणि रक्ताने आंधळ्या झालेल्या त्या माणसाच्या पोटात दोनदा असा घुसला की डार्सीला लाकडांचा ढीग धरावा लागला. मग डार्सीचा डावा हात आला, आणि काहीतरी मोडल्याचा आवाज अंगणात सर्वांनी ऐकला. ओली फांदी मोडल्यासारखा. नेव्ह लाल धुळीत बसला. त्याचा जबडा एका बाजूला सरकला होता. तो उठला. डार्सीने त्याला पुन्हा पाडले. तो पुन्हा उठला. तो किती वेळा उठला याविषयी पुढे त्या पट्ट्यातल्या गुत्त्यांत मतभेद झाले, आणि दोन्ही पक्षांकडे प्रत्यक्षदर्शी होते. शेवटी डार्सी ओरडला, "बस ना, नेव्ह, बस ना खाली," आणि स्वतःच गुडघ्यांवर बसला. तामाती पुढे झाला आणि त्याने नेव्हला काखेत धरून उभे केले. त्याला कोणी अडवले नाही.

आत आल्यावर नेव्हने पंचा हनुवटीखालून घेऊन डोक्यावर बांधला. मग त्याने घडी केलेला एप्रन उलगडून पुन्हा चढवला. मतदान झाले नव्हते, तोवर तो त्या शेडचा आचारी होता. त्याने सुरी गरम पाण्यात बुडवली, पुसली, आणि पावलोवाचे तुकडे केले. कवच फुटताना आवाज झाला. त्याने नऊ ताटांत नऊ तुकडे वाढले, मोजून मापून सारखे, आणि प्रत्येकाच्या पुढे ठेवले. आणि ते खाल्ले गेले. डार्सीने खाल्ला, फाटक्या ओठाला साखर झोंबत असताना. तामातीने डाव्या हाताने खाल्ला. ताटे निपटून निघाली, ब्लूईने चमच्याने सायीचा शेवटचा ओघळही टिपला.

त्यानंतर हॅट फिरली. नवव्या माणसाला मत आहे का, असे ब्लूईने विचारले. डार्सीने नकारार्थी मान हलवली. एकेकाने पाठ फिरवून काडी टाकली. मोजणी डार्सीनेच केली, कारण ते त्याचे काम होते. पाच मोडक्या निघाल्या, तीन अख्ख्या. त्याने त्या पुन्हा एकदा मोजल्या. तीन अख्ख्यांपैकी एक ब्लूईची असणार असे सर्वांनी धरले. उरलेल्या दोहोंविषयी कोणी कोणाला विचारले नाही. डार्सीने निकाल सांगितला, हॅट झटकून डोक्यावर घातली आणि तो झोपायच्या खोलीकडे निघून गेला.

सामान थोडेच होते: दोन सुऱ्या, एक फेटणी, कपड्यांची पिशवी. तामातीने ते आपल्या पोते ठोकलेल्या गाडीत टाकले. गाव दीडशे किलोमीटरवर होते, रस्ता कच्चा; खड्ड्याखड्ड्याला नेव्ह दोन्ही हातांनी स्वतःचा जबडा धरून ठेवी. मालकाला आपण दुसरा माणूस बघायला सांगितले आहे, असे तामाती म्हणाला; बोटे शाबूत आहेत तोवर घरी गेलेले बरे, पोरे वाट पाहत आहेत. मग पुष्कळ वेळ तो आत्याविषयी बोलला. तिच्या घरी अजून लाकडाचीच चूल आहे. ती फेटताना गाते आणि कोणी पाय आपटत चालले की ओरडते. बोलता बोलता त्याने, जरा चाचरत, सांगितले की ती चारच अंडी घेते आणि तिचा केक अजिबात बसत नाही.

नेव्हने नाही अशी मान हलवली. वेदनेने त्याचे डोळे पाणावले, तरी ती त्याने दोनदा हलवली.

"बरं, काका," तामाती म्हणाला. "तुमचं बरोबर."

दवाखाना लहान होता. रविवार असल्याने एकच नर्स कामावर होती, मध्यमवयीन, चष्मा कपाळावर चढवलेली. तिने नेव्हला खुर्चीत बसवले, पंचा सोडून पाहिला, जबडा दोन ठिकाणी मोडला आहे आणि तो तारेने बांधावा लागेल असे सांगितले. डॉक्टर तासाभरात येतील, तोवर बोलायचा प्रयत्नही करू नका, असे बजावले. पुढचे दीड-दोन महिने तर बोलणे नाहीच. हे कसे झाले हे तिने विचारले नाही. त्या हिवाळ्यात ती ते कोणालाच विचारत नव्हती. तिने अर्ज काढला आणि नाव तामातीकडून लिहून घेतले. वय तिने नेव्हकडे पाहून अदमासाने टाकले, आणि ते पुष्कळसे बरोबर होते. जन्मस्थानाच्या चौकोनात तिने सवयीने, विचारण्यापूर्वीच, न्यू साउथ वेल्स असे लिहून टाकले.

नेव्हने हात पुढे केला. तिला वाटले त्याला पाणी हवे आहे. त्याने तिच्या हातातले पेन घेतले, अर्ज मांडीवर ओढला, आणि लिहिलेल्या शब्दांवरून एक सरळ रेघ मारली. तिच्याखाली त्याने लिहिले: माताउरा.

नर्सने चष्मा खाली आणला. हे क्वीन्सलंडकडे का, असे तिने विचारले. त्याने कागद परत घेतला आणि पुढे लिहिले: न्यूझीलंड.

तिने काही क्षण त्याच्याकडे, मग दाराशी उभ्या तामातीकडे पाहिले. मग त्या गावाचे नाव तिने मोठ्याने वाचले आणि चुकीचे वाचले, मधले एक अक्षर गिळून.

नेव्हने नकारार्थी बोट हलवले. बाहेर अंधारून येऊ लागले होते; तिने दिवा लावला. त्याने चौकोनातल्या उरलेल्या जागेत तेच नाव पुन्हा एकदा, प्रत्येक अक्षर सुटे आणि मोठे करून लिहिले, आणि ती ते नीट वाचीपर्यंत पेन हातातून सोडले नाही.